भंगारवाला जे घेत नाही, त्याचं शिल्प करा

डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत मी निवृत्त होईपर्यंत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवला. त्यामुळे ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या प्रकरणात माझ्याशी कुणी वाद घालू नये. काडेपेट्यांचा सोफासेट, फुटक्या बांगड्यांचं तोरण, करवंटीचं कासव, आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड, जुन्या सीड्यांचा मोर अशी सगळी मंडळी दर वर्षी शाळेच्या प्रदर्शनात टेबलावर बसायची आणि पाहुणे ‘वा, काय कल्पकता!’ म्हणत पुढच्या टेबलाकडे सरकायचे. त्यातली मेख आम्हा शिक्षकांना ठाऊक असायची. त्या काड्या आइस्क्रीम खाऊन जमवलेल्या नसत, स्टेशनरीच्या दुकानातून कोऱ्या काड्यांचं पाकीट आणलेलं असे. एका आईने तर मला सरळ सांगितलं होतं, “बाई, घरात फुटक्या बांगड्या नव्हत्या, म्हणून डझनभर नव्या आणल्या आणि फोडल्या.” प्रकल्पाला मार्क होते, घरात भंगार नव्हतं, ती तरी काय करणार?

आता तोच प्रकल्प महापालिकांना मिळाला आहे आणि मार्कही तसेच आहेत. २०१६ पासून केंद्र सरकारचं ‘स्वच्छ सर्वेक्षण’ सुरू झालं आणि शहरांचे नंबर लागू लागले. २०२३ च्या सर्वेक्षणाचा विषयच ‘कचऱ्यातून संपत्ती’ असा होता. त्याच वर्षी मे महिन्यात जुने कपडे, पुस्तकं, खेळणी, प्लॅस्टिक देण्यासाठी वॉर्डावॉर्डात केंद्रं उघडली. पाठोपाठ उड्डाणपुलाखाली, दुभाजकांवर, तलावाकाठी भंगारातले प्राणी-पक्षी दिसू लागले. खाडीपलीकडे नवी मुंबईत तर लोखंडी भंगाराच्या फ्लेमिंगोंचा थवाच उतरला आहे. आमच्या ठाण्या-कल्याणच्या पट्ट्यातही मोर, हत्ती, गिटार, चरखा, गांधीजींचा चष्मा वगैरे दर्शन देतात.

माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. सिमेंटच्या डॉल्फिनपेक्षा भंगाराचा घोडा केव्हाही बरा. पण शिल्प भंगाराचं आहे एवढ्याने ते चांगलं ठरत नाही आणि शहर स्वच्छ तर अजिबात ठरत नाही. ही दोन प्रमाणपत्रं आपण फार स्वस्तात वाटतो आहोत.

आमच्या भागातल्या एका चौकात असाच एक मोर आहे. चौकाचं नाव लिहीत नाही, कारण असे मोर बऱ्याच चौकांत आहेत. आमचे हे वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनच्या कारखान्यात फोरमन होते. लोखंडी वस्तू दिसली की तिच्या पोटाखाली वाकून बघायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. आम्ही दोघं त्या मोरापाशी थांबलो. मान पाण्याच्या पाइपची, डोळे बेअरिंगचे, पिसारा सायकलच्या चेन आणि दातेरी चक्रांचा. इथवर छानच. पण पोट, पाठ आणि पाय नव्या कोऱ्या एमएस पत्र्याचे. ग्राइंडर फिरवून जोड गुळगुळीत केलेले आणि वरून निळा-हिरवा चकचकीत रंग. म्हणजे मूळच्या वस्तू ओळखू येऊ नयेत याची सगळी काळजी घेतलेली. ह्यांनी बोटाने खालून टकटक केलं आणि म्हणाले, “आत पाणी साठलंय. पाणी जायला भोकच ठेवलेलं नाही. बाहेरून कितीही रंग मारा, हा आतून जाणार.” मग पिसाऱ्यातल्या जोडांकडे बोट दाखवून म्हणाले, “हे नुसतं टॅकिंग आहे, पूर्ण वेल्ड मारलेलंच नाही. आणि जस्त चढवलेल्या पाइपवर तसंच वेल्डिंग केलंय. ज्याने केलं त्याला दोन दिवस ताप आला असणार.”

ते तापाचं मला नवीन होतं. जस्ताचा मुलामा तापला की त्याचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. वेल्डरलोकांना हा अनुभव नेहमीचा, म्हणून ते आधी मुलामा घासून काढतात किंवा निदान मोकळ्या हवेत काम करतात. घाईचं काम असलं, उद्घाटनाची तारीख ठरलेली असली, की घासायला वेळ कुणाला? चौथऱ्यावर संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत आणि कुणाच्या संकल्पनेतून हे सगळं कोरलं आहे. मोर करणाऱ्याचं नाव नाही. ज्याला ताप आला त्याचं तर नाहीच नाही.

भंगाराच्या शिल्पात गंमत असते ती वस्तू ओळखण्यात. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची जुनी सीट आणि हँडल, एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचं डोकं केलं. बघणाऱ्याला एका क्षणी बैल दिसतो, दुसऱ्या क्षणी सायकल. दोन्ही एकदम दिसतात तेव्हा माणूस आपोआप हसतो. मुलांना हे शिकवावं लागत नाही. सहावीच्या वर्गात मी ते चित्र दाखवलं की मागच्या बाकावरून आरोळी यायची, “बाई, सीट आहे ती!” या आरोळीसाठीच तर सगळा खटाटोप. सीटवर लांबी फासून, घासून, रंगवून खराखुरा बैल केला तर उरलं काय? फार तर एक बरा बैल.

आपल्याच देशात या कामाचा थोर माणूस होऊन गेला आणि तो आर्ट स्कूलचा नव्हता, सरकारी रस्तेखात्यातला निरीक्षक होता. नेकचंद सैनी. फाळणीत घर पलीकडे राहिलेला माणूस. चंदीगड उभारलं जात होतं तेव्हा त्या जागेवरची खेडी पाडली जात होती. नवं शहर वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या सरळ रेषांत उभं राहत होतं आणि पाडलेल्या घरांची कौलं, कपबश्या, बांगड्या, चिनी मातीची फुटकी भांडी मातीत जात होती. नेकचंद संध्याकाळी कामावरून सुटला की सायकलवरून हे सगळं गोळा करायचा आणि सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात चोरून नेऊन ठेवायचा. १९५७ च्या सुमारास सुरू केलेलं हे काम सरकारला कळलं ते १९७५ मध्ये. तोवर तिथे बांगड्यांचे झगे घातलेल्या बायका, कपबश्यांच्या अंगाचे राजे, माकडं, मोर, सैनिक यांचं एक अख्खं गाव वसलं होतं. कायद्याने बघायचं तर ते अतिक्रमण. पाडायची चर्चाही झाली. शेवटी १९७६ मध्ये ते बाग म्हणून लोकांसाठी खुलं केलं, नेकचंदला त्याच कामासाठी पगार आणि हाताखाली मजूर दिले आणि शहरात टाकाऊ वस्तू जमा करायची केंद्रंही सुरू केली. पुढे १९९० मध्ये व्हीआयपींच्या रस्त्यासाठी बागेचा तुकडा तोडायला बुलडोझर आले, तेव्हा चंदीगडची माणसंच आडवी आली. २०१५ मध्ये नेकचंद गेले. बाग अजून आहे आणि पाहायला गर्दी असते.

चौकातल्या मोरासाठी बुलडोझरपुढे कोण आडवं पडेल, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारून पाहिला. उत्तर सांगत बसत नाही. नेकचंदने केलेल्या पुतळ्यांच्या अंगावर लोकांना आपल्या आजीची बांगडी दिसत होती, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

दिल्लीच्या सराय काले खाँला २०१९ च्या फेब्रुवारीत ‘वेस्ट टू वंडर’ नावाची बाग सुरू झाली. जुन्या गाड्यांचे भाग, पाइप, पंखे, सायकली असं सुमारे दीडशे टन भंगार वापरून तिथे जगातली सात आश्चर्यं उभी केली आहेत. ताजमहाल आहे, आयफेल टॉवर आहे, पिसाचा कलता मनोरा आहे. तिकीट आहे, संध्याकाळी दिवे लागतात, सेल्फीला झुंबड असते. काम मेहनतीचं आहे, वेल्डिंगही जागेवर आहे. तरी मला तिथे एक खटकतं. दिल्लीचंच भंगार वापरून पॅरिस आणि रोमच का करायचं? दिल्लीची स्वतःची सतराशे साठ आश्चर्यं आहेत. पण ते यशस्वी झालं म्हटल्यावर देशभर त्याच्या नकला निघाल्या, आणि आता कुठेही जा, भंगाराचा आयफेल तुमच्या स्वागताला उभा.

याउलट आपल्या मुंबईतलं एक शिल्प घ्या. नौदल गोदीच्या लायन गेटसमोरच्या रस्त्यावर ‘विक्रांत’चं स्मारक आहे. १९६१ मध्ये नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात पूर्व किनाऱ्यावर लढलेली ही आपली पहिली विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. तिचं कायमचं संग्रहालय करायचं ठरत ठरत राहून गेलं, आणि २०१४ मध्ये ती भंगारात विकली जाऊन दारूखाना भागात तोडली गेली. तिच्याच लोखंडातून शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी हे स्मारक घडवलं आणि २५ जानेवारी २०१६ ला त्याचं अनावरण झालं. आकाराने ते काही अवाढव्य नाही. पण ज्या वस्तूची आठवण ठेवायची, तिच्याच अंगाचा पत्रा समोर आहे. अख्खं जहाज वाचवता आलं नाही ही हळहळ आहेच, पण निदान त्या तुकड्याने खोटं बोललेलं नाही.

कल्याणला अशी संधी घरबसल्या आली होती. १९१४ चा पत्री पूल. १८ नोव्हेंबर २०१८ ला रेल्वेने मेगाब्लॉक घेऊन तो उतरवला, नवा पूल सुरू व्हायला २५ जानेवारी २०२१ उजाडली. मधली दोन वर्षं आम्ही शिळफाट्यापर्यंतच्या वाहनकोंडीत काय काय भोगलं ते इथे लिहिलं तर लेखाला जागा पुरणार नाही. शंभर वर्षं पिढ्यांनी ज्याच्यावरून ये-जा केली, त्या पुलाची रिव्हेट मारलेली एखादी तुळई एखाद्या चौकात उभी करायला काय हरकत होती? तिला मोर करायचीही गरज नव्हती. नुसती उभी केली असती, खाली दोन ओळी लिहिल्या असत्या, तरी पुरे होतं. मला तरी ती कुठे दिसली नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. लोखंडाला शिल्पकारांनी वाचवायची गरजच नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक भंगारवाला आहे. उत्तर प्रदेशातून आलेला, आता त्याची मुलं इथल्या मराठी शाळेत शिकतात, एक तर माझ्याच हाताखालून गेला. त्याच्या दुकानात बिघडलेला मिक्सर दिला की काय होतं ते एकदा उभं राहून पाहावं. हातोडीचे दोन घाव, प्लॅस्टिकची खोळ फुटून एका ढिगात. मोटर बाहेर. मोटरच्या गाभ्याचं लोखंड एका बाजूला, त्यावरची तांब्याची तार सोलून दुसऱ्या बाजूला. जारचं स्टील वेगळं, पात्याखालचं पितळी बुश वेगळं, वायरचं रबर वेगळं, पिनचं पितळ वेगळं. पाच मिनिटांत एका मिक्सरचे सात ढीग होतात आणि प्रत्येक ढिगाला वेगळा भाव असतो. तांबं संध्याकाळी टेम्पोत चढतं, लोखंड आठवड्याने. शिळ, मुंब्रा, भिवंडीच्या गोदामांतून ते भट्टीपर्यंत पोचतं. कुणाचं अनुदान नाही, सर्वेक्षण नाही, मार्क नाहीत. आपल्याकडे लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम, पुठ्ठा, रद्दी यांतलं काहीही सहसा डम्पिंग ग्राउंडपर्यंत पोचतच नाही. वाटेतच कुणीतरी उचलतं, कारण त्यात पैसा आहे.

म्हणजे लोखंडी भंगाराचा मोर केला तर कचरा कमी झाला का? नाही. भट्टीत जाऊन पुन्हा सळई झालं असतं असं लोखंड आपण रंगवून चौकात उभं केलं. कला म्हणून खुशाल करा, पण त्याला कचरा व्यवस्थापन म्हणू नका. ‘इतक्या टनांचा पुनर्वापर’ असं पाटीवर लिहिताना थोडा संकोच असावा.

मग डम्पिंगवर जातं काय? कल्याणच्या आधारवाडीला विचारा. कित्येक वर्षं शहराचा कचरा तिथे पडला, त्याचा डोंगर झाला, उन्हाळ्यात तो पेटला की कल्याण पश्चिमेला खिडक्या लावून बसावं लागे. घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी द्यायलाच बंदी घातली होती, ती वर्षभराने उठली. आधारवाडी बंद व्हायला २०२१ साल लागलं. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याला पडत होता. मुंब्रा-दिवा ओलांडताना लोकलच्या डब्यात नाकाला रुमाल लावणाऱ्यांना त्याचं वर्णन सांगायला नको. त्या डोंगरात मिक्सरच्या मोटरी सापडायच्या नाहीत. तिथे सापडतात चपला, गाद्या, थर्माकोल, चिवड्या-वेफर्सची चमकदार पाकिटं, टूथपेस्टच्या ट्यूब, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप, फाटके स्वेटर आणि डायपर. एक चप्पल घ्या. तळ फोमचा, वरचा पट्टा रेक्झिनचा, मधे कापड, कडेला डिंक, टाचेत खिळा. सगळं एकमेकांना असं चिकटलेलं की सुटं करायला लागणारा वेळ कुठल्याही भावात बसत नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचा मुलामा असे पापुद्रे एकावर एक असतात, ते हाताने वेगळे होतच नाहीत. भंगारवाला हात जोडतो. “बाई, ये नहीं चलेगा.”

माझं म्हणणं हेच आहे. ज्याला तो ‘नहीं चलेगा’ म्हणतो, त्याचं शिल्प करा. आणि मोठं करा.

लंडनमध्ये २००५ साली असं एक केलं होतं. सात मीटर उंच, ३.३ टन वजनाचा विजेच्या उपकरणांचा माणूस. धुलाई यंत्रं, टीव्ही, फोन, वायरी वगैरे. दात कॉम्प्युटरच्या माउसचे. वजन ३.३ टनच का? एक सरासरी ब्रिटिश माणूस जन्मभरात जेवढी उपकरणं फेकून देतो, तेवढंच ते भरतं म्हणून. म्हणजे समोर उभा राहणाऱ्याला तो राक्षस म्हणजे आपणच, हे वेगळं सांगावं लागत नाही. इंग्लंडमध्येच आल्फी ब्रॅडली या शिल्पकाराने सुमारे एक लाख चाकूसुऱ्यांचा सत्तावीस फुटी देवदूत केला. पोलिसांनी जप्त केलेल्या आणि लोकांनी आपणहून आणून दिलेल्या सुऱ्या. त्याच्या पंखातल्या पात्यांवर हल्ल्यात मेलेल्यांच्या घरच्यांनी मजकूर कोरले आहेत. या दोन्ही ठिकाणी सामानच बोलतं, वेगळी पाटी वाचायला लागत नाही. चाकूच्या जागी गंजके पाइप लावले असते तर तो देवदूत चौकातल्या मोराचा भाऊ झाला असता.

आपल्याकडचं सामान कोणतं बोलेल? माझा पहिला कौल फ्लेक्सला. ठाणे, कल्याण, डोंबिवली या तीन शहरांएवढे वाढदिवस दुसरीकडे कुठेही साजरे होत नसावेत. अनधिकृत फलकांवरून उच्च न्यायालयाने महापालिकांना कितीदा झापलं याची मोजदाद सोडली आहे, पण भाऊ, दादा, साहेब आणि त्यांचे दोनशे हितचिंतक खांबाखांबावर हसत असतात. हा फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा मुलामा दिलेलं कापड. त्याला भंगारात भाव नाही, जाळला तर विषारी धूर होतो. पावसाळ्यात झोपडीवर ताडपत्री म्हणून पडतो, तेवढाच काय तो त्याचा परोपकार. वर्षभर उतरवलेले फ्लेक्स जमवून त्याची एखादी वीस फुटी आकृती करावी. चेहरे कापायचे नाहीत, सगळे दिसले पाहिजेत. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं ही अडचण येईल, तेवढं सोडलं तर खर्च काही नाही.

दुसरा कौल चपलांना. जुलैत डोंबिवली स्टेशनच्या जिन्याशी उभं राहा. गाडी पकडताना तुटलेल्या, एकच राहिलेल्या, फूटब्रिजच्या कोपऱ्यात कुणीतरी सरकवून ठेवलेल्या चपला दिसतील. सकाळच्या जलद गाडीत शिरताना माणसं काय काय मागे टाकतात, याची याहून सोपी नोंद नाही. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, त्याची चित्रं, प्रतिकृती आपण कौतुकाने लावतो. त्या इंजिनाच्या शेजारी चपलांचा एक डबा उभा केला तर आमच्या शहरांची गोष्ट पुरी होईल.

आता यावरचा आक्षेप मीच घेते, नाहीतर आमचे हे घेतील. चपला, फ्लेक्स, पाकिटं उन्हात टिकत नाहीत. ऊन लागलं की प्लॅस्टिक तडकतं, त्याचा भुगा होतो आणि तो गटारातून खाडीत जातो. आपल्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शिवाय आग. असल्या ढिगाला एखादी ठिणगी पुरे. म्हणजे लोखंड टिकतं पण त्याची गरज नाही, आणि ज्याची गरज आहे ते टिकत नाही.

माझं उत्तर असं की टिकवायचंच कशाला? कायमचं उभं करायचं हा हट्ट आला कुठून? आपण दर वर्षी गणपती बसवतो आणि बोळवतो. मखर, आकाशकंदील, मातीचा किल्ला या कुठल्याही गोष्टीत आपली मुलं जीव कमी ओततात का? महिन्याभरात मोडणार हे ठाऊक असतं, तरीही. थर्माकोलच्या मखरांवर २०१८ मध्ये राज्य सरकारने बंदी आणली, तेव्हा ‘आता सजावट कशी होणार’ म्हणून केवढा गहजब झाला. दोन-तीन वर्षांत लोक पुठ्ठा, कापड, बांबूवर आले आणि मखरं पहिल्यापेक्षा सुबक झाली. तात्पुरतं करण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, आणि आपण नक्कल करतो ती कायमच्या पुतळ्यांची.

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आमच्या डोंबिवलीतूनच सुरू झाली. १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाने काढली आणि मग राज्यभर गेली. चित्ररथ, ढोल, नऊवारी, फडके रोडवरची गर्दी, सगळं आहेच. त्या दिवशी एक भंगारशिल्पही उभं राहू दे. पाडव्याआधी दोन महिने सोसायट्यांमधून एकाच प्रकारची, भंगारवाला घेत नाही अशी वस्तू जमवायची. एका वर्षी चपला, पुढच्या वर्षी औषधांच्या स्ट्रिप, त्यापुढे चार्जर आणि इअरफोन. डोंबिवलीत ऊर्जा फाउंडेशनसारखी संस्था घराघरांतलं प्लॅस्टिक जमवून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याचं काम करत आली आहे, म्हणजे वस्तू जमवायची शिस्त इथे नवीन नाही. पाडव्याला शिल्प उभं करायचं, एप्रिल-मे ते राहील, सुट्टीत मुलं बघतील. ५ जूनला, पर्यावरणदिनी, पावसाआधी ते सगळ्यांसमोर उतरवायचं, वजन करायचं आणि कुठे पाठवलं ते जाहीर सांगायचं. शेजारी पाण्याचा टँकर उभा ठेवा, सिगारेटवाल्यांना लांब ठेवा. यात अशक्य काही नाही, फक्त संगमरवरी पाटी लावायला जागा राहत नाही. माझ्या मते प्रस्ताव अडेल तर तिथेच अडेल.

जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडणारी, आमच्याच गाड्यांतून मुंबईला ये-जा करणारी शिल्पकार मुलं या पट्ट्यात पुष्कळ राहतात. त्यांच्याकडून रचना मागवा. त्यांच्याबरोबर कचरावेचक बायकांना बसवा. कुठली वस्तू कुठल्या भागातून किती येते, हे त्यांच्याइतकं कुठल्याही सल्लागार कंपनीला कळत नाही. ज्योती म्हापसेकरांच्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून या बायकांना संघटित केलं, पुण्यात तर कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते आहे. त्यांना मानधन द्या. सत्काराची शाल नको, मानधनच द्या. आणि फलकावर शिल्पकार, वेल्डर आणि वस्तू वेचणारी बाई या तिघांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा.

जी लोखंडी शिल्पं आधीच उभी आहेत, त्यांचं काय? ती पाडा असं कोण म्हणेल? पण त्यांच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवा. दर पावसाळ्याआधी गंज खरवडून रेड ऑक्साइड मारणं, तळाला पाणी जायला भोकं पाडणं, बेसप्लेटचे बोल्ट तपासणं हे एका फिटरचं आणि एका हेल्परचं दोन दिवसांचं काम आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांना माझी विनंती आहे की आपल्या हद्दीतल्या अशा सगळ्या शिल्पांची यादी, त्यांत जुनं किती आणि नवा पत्रा किती, करणारा कोण आणि खर्च किती, हे लोकांपुढे ठेवा. वेल्डिंगची तपासणी करायला आमचे हे फुकट येतील, त्यांना फक्त चहा लागतो.

आणि पुढच्या पाडव्यासाठी माझा अर्ज लिहून तयार आहे. पहिल्या वर्षी चपला मागायच्या असं माझं मत आहे. वाचकांनी आतापासून बाजूला काढून ठेवाव्यात, धुऊन द्याव्यात, आणि नव्या विकत आणून तोडू नयेत.